सात तारांची पैज

मी भांडखोर आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या भावाला ते सांगायचा आनंद मिळायला नको.

आम्ही दोघं लायर बनवतो, मांडीवर घेऊन छेडायचं जुनं तंतुवाद्य. लाकूड आणि कातडं त्याचं, तारा माझ्या. तो अक्रोडाचा ओंडका कोरून वाडग्यासारखं पोट काढतो, त्यावर बकरीचं कातडं ओलं असतानाच ताणून बसवतो. मी मागच्या शेडमध्ये मेंढीची आतडी टबात धुते, खरवडते, पीळ देऊन खुंट्यांना ताणते आणि वाळवते. चाळीस वर्षं हेच. वास येतो, नाही कोण म्हणतं?

एके दिवशी हा नायलॉनचं रीळ घेऊन आला. "ताई, हे बघ. धुवायला नको, खरवडायला नको. तुझे टब काढून टाकू, शेडमध्ये पॉलिशची खोली करू."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू आता आराम कर."

आराम! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आराम करायला मी काय आजारी आहे? त्या टबांशिवाय मी दिवसभर करणार काय, ह्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवणार?

"लाव पैज," मी म्हटलं. "शुक्रवारी गाण्याचे मास्तर लायर न्यायला येणार आहेत. एकाच ओंडक्याची दोन तयार आहेत. एकाला माझ्या तारा, दुसऱ्याला तुझं ते प्लास्टिक. मास्तरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधू. त्यांनी नायलॉन निवडलं तर टब मी माझ्या हाताने भंगारात देईन. नाहीतर शेडचं पुन्हा नाव काढायचं नाहीस."

तारा चढल्या. माझ्या लायरवर पिवळं कापड, भावाच्या लायरवर निळं. शुक्रवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आता खरं सांगते, मी मनातून टरकले होते. मास्तरांचा कान हल्ली दगा देतो. गेल्या खेपेला मी विचारलं, "चहा घेणार?" तर म्हणाले, "मंगळवारी." अशा माणसावर चाळीस वर्षं पणाला लावायची?

म्हणून गुरुवारी दुपारी, भाऊ जेवून घोरत असताना, मी निळं कापड उचललं. त्याचं नायलॉन काढलं आणि माझ्याकडच्या सगळ्यात फिक्या, मुरलेल्या सात तारा चढवल्या. आता दोन्हीकडे आतडंच. मास्तर काहीही निवडोत! भाऊ चिडलाच, तर 'रीळवाल्याने फसवलं तुला' म्हणायचं.

शुक्रवारी सकाळी मी कत्तलखान्यातून आतडी घेऊन आले, तर भावजय डबे उघडून बघत होती. "वन्सं, अर्धा डबा चहापत्ती गेली कुठे?" मी लक्ष दिलं नाही. तिथेच चुकले.

मास्तर आले. रुमाल बांधला. आम्ही कापडं काढली.

माझ्या लायरवर सात तारा होत्या. चहात बुडवून पिवळ्या केलेल्या. नायलॉनच्या!

मी भावाकडे पाहिलं. तो आ वासून स्वतःच्या लायरकडे बघत होता. मी कत्तलखान्यात गेले, तेवढ्यात ह्यानेही हात साफ केला होता. चोर कुठला! पण बोलणार कोण?

मास्तरांनी आधी माझं छेडलं, मग त्याचं. मग पुन्हा त्याचं, ह्या वेळी चौकटीला गाल टेकवून.

"हे," ते म्हणाले. "कानाचं सोडा, पण हे हाडात उतरतं. ते दुसरं नुसतंच वाजतं."

माझ्या तारा! बहिऱ्या माणसानेही ओळखल्या! मला नाचावंसं वाटलं, पण नाचणार कशी? लायर भावाचं होतं. खरं सांगावं तर लबाडी कबूल करावी लागणार, आणि लबाडी केली म्हणजे पैज हरलीच. त्याने नुसतं 'माझं' म्हटलं की माझे टब भंगारात.

मास्तरांनी रुमाल काढला. "कुणाचं हे?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"लाकूड माझं, मास्तर," तो म्हणाला. "तारा ताईच्या."

मास्तर ते लायर घेऊन गेले. भावाने खिशातून पत्र्याची डबी काढून माझ्यापुढे सरकवली. आत माझ्या पिवळ्या कापडाखालच्या तारा होत्या, प्रत्येकीला तेलाचा हात लावलेला, जाड ते बारीक अशा ओळीने, वेगळी वेगळी वेटोळी करून ठेवलेल्या.

"टाकवल्या नाहीत गं," तो म्हणाला. "टबांवर झाकण तेवढं ठेवत जा."

माझे डोळे भरून आले. गाढव मेला, असं काही करतो आणि भांडायचीही सोय ठेवत नाही.

"आणि माझं नायलॉन कुठे ठेवलंस?" त्याने विचारलं.

मी पदराने नाक पुसत होते, तेवढ्यात अंगणातून भावजयीची हाक आली. "वन्सं, काल तुम्ही बांधलेली ही दोरी किती छान आहे हो! ह्यांच्या सगळ्या बनियन मावल्या बघा. पण हिला एवढ्या गाठी कशाला?"