हसता शॉट

सोमवारी सकाळी माझ्या फोटोला चंदनाचा हार आला. कुणी घातला नाही, आपला आला. फोटो बैठकीच्या खोलीतला. मी समोरच बसून पावटे सोलत होते आणि चांगली जिवंत होते.

माझी मुलगी शाल्मली आतून आली. हाराकडे पाहून तिने डोळे टिपले, माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणाली, "आईला पावट्याची आमटी काय आवडायची!"

"आवडायची काय? अजून आवडते," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही.

मंगळवारी हाराला आणखी एक पदर आला आणि माझी खोली हातभर अरुंद झाली. बुधवारी शाल्मलीने माझी काळी लुगडी बोहारणीला दिली. गुरुवारी खोलीत फक्त खुर्ची मावत होती. मी तापट बाई आहे, रडायच्या आधी कारण शोधते. इथे शोधावं लागलं नाही, ते मला ठाऊक होतं.

सात वर्षं मी टीव्हीवर मसणमावशी होते. दर शनिवारी काळं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात अडकित्ता. भुताची गोष्ट सुरू करण्याआधी विचारायचे, "दार लावून घेतलंत? मग मी आत कशी आले?" घरोघरची पोरं पांघरुणात शिरायची. माझी पोरगी माझ्याच मांडीवर बसून पडद्यावरच्या मला घाबरायची.

शेवटच्या भागात मावशी मेली आणि सेटवर तिचा हार घातलेला फोटो लागला. आमच्याकडे रीत आहे. नटाच्या फोटोला हार घातला, की शॉट संपल्यावर त्याने कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं. अपशकुन तिथल्या तिथे पुसला जातो. मी म्हणाले, "मसणमावशी कधी हसली नाही, आताही हसणार नाही." कसला तो तोरा!

शुक्रवारी मी तो राहिलेला हसता शॉट द्यायला स्टुडिओत गेले. स्टुडिओ पाडून तिथे मंगल कार्यालय झालं आहे. कार्यालयाच्या मागच्या दाराने आत गेलं, की स्टुडिओ आहे. मेकअपवाला बापू लोहार ओला स्पंज घेऊन उभा होता. कॅमेरामन चिंतामणरावांचा डोळा कॅमेऱ्यालाच होता.

"लई उशीर केलासा, बाई," बापू म्हणाला. "स्पंज वाळाय लागलाय."

"पंचवीस वर्षं झाली, बापू."

"त्येच म्हंतोय न्हवं."

मी खुर्चीत बसले, दात दाखवले.

"ह्ये हसू न्हाई," चिंतामणराव म्हणाले. "दाढ ठणकल्यागत दिसतंय."

पुन्हा केलं. पुन्हा दाढ. इथलंही छत खाली येत माझ्या अंबाड्याला टेकलं होतं. मला खरंच भीती वाटली. मला काही फार नको होतं. शाल्मलीने एकदा माझ्याकडे बघून "चहा घेतेस का?" म्हणावं, एवढंच.

बापूने माझ्या हनुवटीवर रक्त लावलं. आमचं रक्त म्हणजे काकवीत खिसलेलं बीट.

"आठवतंय का?" तो म्हणाला. "धाकट्या बाई सेटवर आल्या हुत्या. सहा वर्साच्या आसतील."

आठवलं. पोरगी आता किंचाळणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे होते. ती माझ्या मांडीवर चढली, हनुवटीवरचं रक्त चाटलं आणि सगळ्यांना सांगितलं, "माझी आई गोड आहे."

मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

"झाला शॉट," चिंतामणराव म्हणाले. "जावा घरला."

घराला आतून कडी होती. मी आत होते.

शाल्मली फोटोपुढे उदबत्ती लावत होती. वर हारातला एकेक मणी विरत चालला होता. शेवटचा मणी गेला आणि काच मोकळी झाली.

"शाल्मली, वर बघ," मी म्हणाले.

तिला ऐकू आलं. तिने वर बघितलं. फोटोतली मी हसत होते. सगळे दात दिसत होते, हनुवटी लालभडक होती.

"आई!" ती ओरडली. मला वाटलं, हाक मारली.

मग तिने डोळे गच्च मिटून चाचपडत फोटो उचलला, भिंतीकडे तोंड करून टांगला आणि दाराकडे पळाली.

भिंत माझ्या नाकाला लागते आहे. चुन्याचा वास येतो. पाठीमागे ती दाराची कडी नीट लागली आहे ना, हे पुन्हा पुन्हा ओढून बघते आहे आणि मला हसू आवरत नाही.