आत्याची मागची सीट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका मोटारसायकलवर मागे बसा. डोळे मिटल्यावर पुढचं वाचायचं कसं, असं विचाराल, तर एक डोळा उघडा ठेवा.

बसलात? तुमच्या पुढे चालवणाऱ्याची रुंद पाठ आहे. त्याला रस्ता दिसतो आणि तुम्हाला त्याच्या शर्टाची शिवण. खड्डा त्याला आधी दिसतो, म्हणून तो अंग सावरून घेतो. तुम्हाला मात्र खड्डा कळतो तो थेट माकडहाडाला. पाच मिनिटं गंमत वाटते. अर्ध्या तासाने तुम्ही एकदा डावीकडे कलता, एकदा उजवीकडे. तासाभराने विचारता, "किती राहिलं?" आणि अजून चार तास राहिलेले असतात.

असे पाच तास जिला बसायचं होतं, त्या आत्याची ही गोष्ट. तिची आणि तिच्या भाचीची.

भाची होती दहा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून तिला सगळे लवंगी म्हणत. तिचे बाबा मोटारसायकलींच्या सीट बनवायचे. एका शटरचं दुकान, भिंतीला रेक्झिनचे रोल टेकवलेले, कोपऱ्यात पिवळ्या फोमच्या लाद्या, मधोमध शिलाई मशीन, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास. सुट्टीच्या दिवशी लवंगी तिथेच असायची. फोमचे तुकडे गोळा करायची आणि गिऱ्हाइकांना नको ते प्रश्न विचारायची.

एका सकाळी आत्या दुकानात आली.

"दादा, मला एक सीट करून दे."

"तुला? तू तर गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीस."

"म्हणूनच म्हणतेय. मागची सीट हवीय मला, पाच तास बसता येईल अशी."

बाबांच्या हातातली कात्री थांबली. पाच तास म्हणजे कुठे, ते सांगायची गरज नव्हती. आत्याची मुलगी, लवंगीची ताई, वर्षभरापासून दूरच्या शाळेच्या वसतिगृहात होती. आतोबा महिन्यातून एकदा मोटारसायकलवर जाऊन तिला भेटून यायचे. आत्या एकदाही गेली नव्हती. बसमध्ये तिला तिसऱ्या वळणालाच ढवळायला लागायचं, आणि मोटारसायकलवर तासाभरात कंबर धरायची. ताई दर वेळी आतोबांना एकच विचारायची, "आई कधी येणार?"

"येत्या रविवारी येते म्हणून कळवलंय मी तिला," आत्या म्हणाली. "आता तुझ्या हातात आहे बघ."

बहिणीचं काम! बाबांनी दुकानातला सगळ्यात मऊ फोम काढला आणि सीटवर चांगला चार बोटं जाड थर चढवला. वरून काळं रेक्झिन ताणून बसवलं. मग नेहमीसारखा त्यांनी सीटवर अंगठा दाबून पाहिला. बावीस वर्षं त्यांची हीच परीक्षा होती. अंगठा बुडाला की सीट पास. हा अंगठा तर मुळापर्यंत बुडाला.

आतोबांनी गाडी स्टँडवर उभी केली होती. आत्या दुकानाच्या पायरीवरून सीटवर चढली आणि पाच मिनिटं बसून राहिली.

"दादा, ही सीट आहे का पाळणा रे?"

"झोप लागली तर यांना घट्ट धर," बाबा आतोबांकडे बोट दाखवून म्हणाले.

"मला धरते कसली, चिमटे काढते," आतोबा म्हणाले.

रविवारी पहाटे दोघं हसत निघाली, आणि दुपारी परत आली. आत्या गाडीवरून उतरली ती भिंत धरूनच.

"काय झालं?" बाबा धावले.

"आधी मांड्यांना मुंग्या आल्या. मग पाय माझे आहेत की शेजारणीचे, तेच कळेना. वाटेत उतरले तर सरळ खालीच बसले. तिथूनच परत फिरलो." आत्या दुकानातल्या स्टुलावर टेकली. रडायचं नाही असं ठरवून आलेली असावी, कारण ती एकसारखी पदराचं टोक गुंडाळत होती. "वसतिगृहात फोन केला, पण निरोप पोरीला उशिरा मिळाला. तोवर ती फाटकाशी उभी होती. जेवायलाही गेली नाही म्हणे."

बाबांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आता मी नाही जाणार, दादा. येत नाही म्हटलं तर ती एकदाच रडेल. येते म्हणून न येणं फार वाईट."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी सीटवर पुन्हा अंगठा दाबला. बुडाला. "याच्याहून मऊ फोम अख्ख्या बाजारात नाही गं," ते म्हणाले.

लवंगी इतका वेळ आत्याच्या पायांकडे बघत होती. "आत्या, एकदा परत बसून दाखव ना."

"नको गं बाई!"

"एकच मिनिट. गाडी चालणार नाहीये, मग घाबरतेस कशाला?"

"बघितलंस दादा? तुझीच जीभ आहे ही." असं म्हणत आत्या बसली.

बाबा सीटकडे बघत होते. त्यांची नजर सीटखाली कधी जातच नसे. लवंगी मात्र जमिनीवर उकिडवी बसली आणि तिने मान वाकडी करून खाली पाहिलं.

"बाबा, आत्याचे पाय लोंबतायत."

"टेकलेत की पायदानावर."

"नुसती बोटं टेकलीत. तळवा बघा. माझा हात जातो मधून." तिने खरोखर हात घालून दाखवला. "वर्गातल्या बाकावर माझंही असंच होतं. तिसऱ्या तासाला पाय बधिर होतात. म्हणून मी ते हलवते, तर बाई ओरडतात."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बाबा खाली वाकले. खरंच होतं. आत्या बुटकी, आणि तिच्या सुखासाठी चढवलेल्या चार बोटांच्या फोमने तिला आणखी उंच नेऊन ठेवलं होतं. पाय टेकत नसल्याने अंगाचा सगळा भार सीटच्या कडेवर आणि कडेचा मांड्यांवर. मग बाबांनी आत्याच्या बैठकीशेजारी फोम बोटांनी चाचपला. बसल्यावर तो मधोमध चोथ्यासारखा चपटा झाला होता, कडा मात्र तशाच उंच होत्या. आत्या फोमवर नव्हे, खालच्या कडक पत्र्यावरच बसली होती.

बाबांनी कपाळाला हात लावला. "बावीस वर्षं सीटा शिवतोय, पण मागे बसून लांब कधी गेलो नाही. जावे त्याच्या वंशा, म्हणतात ते काय खोटं! अंगठ्याला कुठे पाच तास बसायचं असतं?"

त्यांनी तिथल्या तिथे रेक्झिन उसवलं. तुम्हाला वाटेल, मऊ सीटने दुखलं तर आणखी मऊ करायची. पण त्यांनी उलटं केलं. खाली दोन बोटं कडक फोम घातला, भार पेलायला. वर एकच बोट मऊ, धक्का झेलायला. मांडीखालची कड लांब सुरीने गोल तासली, म्हणजे मांडीत रुतणार नाही. मागची बाजू जराशी खोल ठेवली, म्हणजे ब्रेक लागला तरी आत्या घसरून आतोबांच्या पाठीवर आदळणार नाही. तीनदा आत्याला बसवलं, तीनदा उतरवलं. दर वेळी लवंगी खाली उकिडवी बसून सांगायची, "अजून थोडं." चौथ्यांदा ती ओरडली, "टेकला! अख्खा तळवा टेकला!"

आत्याने बसून जरा पुढेमागे सरकून पाहिलं.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"पाळण्यासारखी नाही. पण बरी आहे." मग ती उतरली. "तरी मी नाही जायची. मागच्या वेळीही इथे बरंच वाटलं होतं. पुन्हा अर्ध्यातून परतले तर? त्या पोरीला पुन्हा फाटकात उभी करू?"

आतोबांनी समजावलं, बाबांनी समजावलं. आत्या हटेना. आणि मुलांनो, तिचं काही चुकत नव्हतं. एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"आत्या," लवंगी म्हणाली, "तू ताईकडे जाऊच नकोस. रविवारी नुसती एक चक्कर मारून ये. कुणाला कळवायचं नाही. कुणी वाटच बघत नसेल, तर अर्ध्यातून परत आलीस तरी काय बिघडलं?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग आतोबांकडे. "एक तास. जास्त नाही."

रविवारी नऊ वाजता दोघं गेली. बाबा म्हणाले होते, तास झाला की उतरायचं, पंचवीस पावलं चालायचं. दहा वाजले. साडेदहा वाजले. बाबा उगीचच रस्त्यापर्यंत जाऊन आले. अकरा वाजता त्यांनी दुसऱ्याच्या सीटवर उलटी शिवण घातली आणि उसवत बसले.

साडेअकराला फोन वाजला. आतोबा एका पेट्रोल पंपावरून बोलत होते.

"अहो, ही परत फिरायला तयारच नाही! दर तासाला उतरते, पावलं मोजते, पुन्हा बसते आणि म्हणते, चला पुढे. अर्धी वाट संपली. पण पंचाईत अशी की आम्ही पोचेपर्यंत अडीच तरी होतील, आणि मुली रविवारी दोनला बाहेर फिरायला जातात, सातशिवाय येत नाहीत. आणि सातनंतर भेटू देत नाहीत."

"मग वसतिगृहात कळवतो मी."

मागून आत्याचा आवाज आला. "पोरीला सांगायचं नाही हं, दादा! मी दारात पोचेपर्यंत अक्षर नाही! न जाणो, पुढे पाय दुखले तर?"

फोन बंद झाला. बाबा तो हातात धरून बसले. "आता काय करावं? सांगितलं तर पोर फाटकात, न सांगितलं तर पोर बाहेर."

लवंगीने त्यांच्या हातातून फोन घेतला, वसतिगृहाचा नंबर शोधला आणि लावला.

"नमस्कार, रेक्टरबाई आहेत का? गेल्या रविवारी जेवायचं सोडून फाटकाशी उभी होती ना, त्या आठवीतल्या ताईची मी मामेबहीण बोलतेय. आज ताईला फिरायला पाठवू नका. तिचे आईबाबा येतायत. पण तिला ते सांगूही नका. काहीतरी काम द्या." पलीकडून काय काम म्हणून विचारलं असावं. लवंगीने जरा विचार केला. "तिला तिचं कपाट आवरायला सांगा. तिचं घरचं कपाट पाहिलंय मी. चार वाजेपर्यंत सहज पुरेल."

आणि ताईचे दोन कप्पे आवरून होतायत तोवर आत्या दारात पोचली, स्वतःच्या पायांवर.