दोन पट्ट्यांमधले अंतर

जुने फोटो दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. फाटलेला कोपरा, बुरशीचे डाग, घडीची पांढरी रेघ, हे सारे पडद्यावर मोठे करून मी हळूहळू पुसतो, भरतो, सांधतो. या कामाने मला एक खोड लावली आहे. फोटो समोर आला की चेहरे मी नंतर पाहतो. आधी शोधतो ती फार स्वच्छ जागा. जिथे भिंतीवर एकही ओघळ नाही, गालावर एकही तीळ नाही, तिथे माझ्याआधी कोणाचा तरी हात फिरून गेलेला असतो.

या शहरात एकटा राहायला आल्यावर काही आठवड्यांतच मला माझ्या स्वतःच्या दिवसांत अशा स्वच्छ जागा दिसू लागल्या.

संध्याकाळी स्टुडिओतून परतावे, तर लिफ्ट नेमकी तळमजल्यावर येऊन थांबलेली. एकदा नव्हे, रोज. पावाच्या दुकानाची पायरी एका सकाळी सिमेंटच्या उताराखाली नाहीशी झाली. विचारल्यावर पाववाला म्हणाला की पिठाच्या पोत्यांची हातगाडी चढवायला केला. पण सांगताना तो माझ्याकडे नव्हे, तराजूकडे पाहत होता. फुटपाथच्या वळणावर कायम आडवी उभी असणारी फटफटी, जिच्यामुळे मला माझी व्हीलचेअर रस्त्यावर उतरवावी लागे, तीही गायब झाली. आणि आमच्या इमारतीचा पहारेकरी, ज्याला सगळे टोपीवाला म्हणतात, मी येताना दिसलो की उगाचच उठून उभा राहू लागला.

दुसऱ्या कोणी याला नशीब म्हटले असते. मला माझा दादा आठवला.

दादाचे लोखंडी जाळ्या आणि फाटके बनवण्याचे वर्कशॉप आहे. मी लहान असल्यापासून माझी खुर्ची त्यानेच ढकलली. शाळा, दवाखाना, परीक्षा, लग्नकार्ये, सगळीकडे. जगातल्या साऱ्या जागा मी पाहिल्या त्या मानेवर दादाचा श्वास घेऊन. तो श्वास प्रेमाचा होता, यात शंका नाही. पण दादाला वजा केले तर माझे असे काय उरते, हे मला कधी कळलेच नव्हते. ते कळावे म्हणून मी इथे आलो. निघताना दादाकडून एकच शब्द मागून घेतला होता, की त्याने इकडे फिरकायचे नाही. त्याने तो दिला, आणि मग बराच वेळ माझ्या खुर्चीच्या चाकांत हवा भरत बसला, ती पुरेशी असूनही.

म्हणून एका रविवारी रात्री फोनवर आईने सहज विचारले, "निळा पडदा आवडला होय तुला?" तेव्हा मी सावध झालो. पडद्याविषयी मी कोणालाच बोललो नव्हतो. आई लगेच भाजीच्या गोष्टीवर घसरली. मागून वहिनींनी फोन घेतला आणि हसत म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा हल्ली रिकामी खुर्ची ढकलत असल्यासारखे चालतात. जरा बोला त्यांच्याशी." मी हसलो, पण त्या रात्रीपासून खिडकीतून खाली पाहताना पडदा किंचितच बाजूला करू लागलो.

आणि दुसऱ्याच सकाळी, सोमवारी, स्टुडिओच्या पायऱ्यांवर त्या पट्ट्या अवतरल्या.

स्टुडिओला दोन पायऱ्या आहेत. मी रोज खालून हाक मारायचो, आणि आमचा कॅमेरामन, ज्याला उंचीमुळे जिराफ हे नाव पडले आहे, आतून फळी आणून टाकायचा. मोबदल्यात तो मला रोज एक टोमणा मारायचा. आज राजे उशिरा, आज राजे घामाघूम. ही व्यवस्था मी स्वतः जुळवली होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या सोमवारी फळीच्या जागी लोखंडाच्या दोन पन्हळीसारख्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, एकेका चाकासाठी एकेक, मध्ये पायऱ्या मोकळ्या.

"कोणीतरी बसवून गेलं," मालक म्हणाले. "फुकटात आहे. तू चढ की."

मी उजवे चाक पट्टीत घातले. डावे चाक पट्टीच्या आत, मोकळ्या पायरीवर घसरले. खुर्ची कलली. जिराफाने धावत येऊन मला सावरले. मी मात्र त्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराकडे पाहत राहिलो. ते कोणत्या तरी खुर्चीचे अगदी अचूक माप होते. फक्त माझ्या खुर्चीचे नव्हते.

इथे आल्याआल्या, स्टुडिओत रुजू होण्याआधीच, मी खुर्ची बदलली होती. नवी खुर्ची अरुंद आणि हलकी आहे, आणि तिला मागे ढकलायच्या मुठीच नाहीत. हे मी घरी सांगितले नव्हते. जुनी, रुंद खुर्ची माझ्या दारामागे घडी घालून ठेवलेली होती. या शहरात तिचे माप ठाऊक असणारे कोणी नव्हते. ते ज्याच्या हातांना पाठ होते, तो माणूस एकच होता. मी वाकून पट्टीच्या कडेवरून बोट फिरवले. आतली कड कानशीने गोल केलेली, खाली सायकलच्या ट्यूबचे रबर. बोट कापू नये, आवाज होऊ नये, याची काळजी घेणारे दुसरे कोण असणार?

त्या क्षणापासून मला लिफ्ट, उतार, गायब फटफटी, सगळ्यांवर त्याच कानशीच्या खुणा दिसू लागल्या. मी आजवर एकही रस्ता एकट्याने ओलांडला नसेल. माझ्यापुढे धावत कोणी तरी तो पुसून, भरून, सांधून ठेवला असेल. ही शंका एकदा शिरली की पाणी पितानाही वाटते, पेला इतका जवळ कोणी ठेवला?

मला एक तरी प्रवास असा हवा होता, ज्यावर कोणाचा हात फिरलेला नसेल.

संधी स्टुडिओनेच दिली. दूरच्या एका गावी एक छायाचित्रकार वारला होता. त्याच्याकडच्या जुन्या काचेच्या प्लेटा, म्हणजे फिल्मच्या आधीच्या निगेटिव्ह, पाहून निवडून आणायच्या होत्या. जिराफ जाणार होता. मी म्हणालो, मी जातो. मालकांनी होकार दिला, आणि मला त्या होकाराचाही संशय आला. म्हणून आईला मी शुक्रवार सांगितला, मालकांनाही शुक्रवारच सांगितला, आणि गुरुवारी पहाटेच निघालो. मालकांना निरोप दिला तो गाडी सुटल्यावर.

गाडीत चढताना दोन अनोळखी माणसांनी मदत केली. त्यातल्या एकाचे हात माझ्या पाठीमागे हवेत चाचपडत होते. "धरायचं कुठे?" त्याने विचारले. मी सांगितले, खालची नळी धरा, हात टेकायचा दांडा धरू नका, तो निघतो. त्याने दांडाच धरला. तो निघाला. मी वर, दांडा त्याच्या हातात, आणि तो असा ओशाळला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. हे काही दादाने ठरवलेले नसणार, असे वाटून मला फार बरे वाटले.

पण समोर वर्तमानपत्र घेऊन एक गृहस्थ बसले होते आणि त्यांचे पान उलटतच नव्हते. मी त्यांच्यावर नजर ठेवली. ते माझ्यावर ठेवून होते. अखेर त्यांनी पेपर खाली केला, बराच संकोच केला आणि विचारले, "एक विचारू? सोबत कोण आहे?"

दादाचा माणूस असता तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता. मी म्हणालो, कोणी नाही. त्यांनी मान हलवली, विश्वास न बसल्यासारखी, आणि पान उलटले.

उतरलो त्या स्टेशनावरची लिफ्ट बंद होती. दाराला दोरी बांधलेली. जिना उंच, फलाट ओसरलेला. मी त्या दोरीसमोर थांबलो आणि मला चक्क हसू फुटले. माझ्यावर प्रेम करणाऱ्या कोणीही ही लिफ्ट अशी सोडली नसती. शहरात इतके दिवस शोधत होतो ती डागाळलेली, फाटकी, खरी जागा ही होती. पाठोपाठ भीतीही आली, कारण आता खरोखरच कोणी नव्हते. झाडणाऱ्या बाईंनी सांगितले की फलाटाच्या टोकाला सामानाच्या गाड्या रूळ ओलांडतात तिथून जाता येते, पण स्टेशनातला माणूस सोबत लागतो. त्या माणसाची वाट पाहण्यात सकाळ सरली. रूळ ओलांडताना पुढचे छोटे चाक फटीत अडकले; मागे रेलून मी ते स्वतः सोडवले. तळहात सोलवटला. त्या जखमेकडे मी वाटभर पाहत होतो.

छायाचित्रकाराच्या पत्नीने दार उघडले आणि माझ्या डोक्यावरून मागे, रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. "सोबत कोण आहे?" त्यांनीही विचारले. मी म्हणालो, मीच. त्यांना ते पटले नाही. पण प्लेटांची पेटी त्यांनी बाहेर आणली. काचा उन्हाला धरून मी एकेक पाहिली. ओरखडे, बोटांचे ठसे, कोणी पुसले नव्हते.

पेटी मांडीवर घेऊन परतीच्या फलाटावर आलो आणि दादाला फोन लावला.

"दादा, पट्ट्या तू बसवल्यास."

तो खाकरला. "कसल्या पट्ट्या?" खोटे बोलण्याआधी दादा नेहमी खाकरतो.

"कड गोल केलेली आहे. खाली ट्यूब आहे."

मागचा ग्राइंडरचा आवाज थांबला. "एकदाच आलो होतो," तो म्हणाला. "रविवारी. तुझ्या मालकाला विचारून बसवल्या. मग तुझ्या खिडकीखाली उभा राहिलो, निळ्या पडद्याकडे बघत. वर आलो नाही."

"आणि लिफ्ट? पाववाल्याचा उतार? फटफटी?"

"कसली फटफटी?" तो खाकरला नाही. "कुठे आहेस तू? मागे गाडीचा आवाज येतोय. सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. दादा, माप चुकलं. खुर्ची बदललीय मी. चाक मध्येच पडतं."

माझ्या खुर्चीविषयी त्याला ठाऊक नसलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

"मुठी कशा आहेत?" त्याने विचारले.

"मुठी नाहीत."

"मग ढकलायची कशी?"

"ढकलायची नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळणावर फटफटी पुन्हा आडवी उभी होती. तिचा मालक बाहेरगावाहून परतला होता. पाववाल्याच्या उतारावरून पिठाची हातगाडी खरोखरच वर चढत होती. लिफ्ट तळमजल्यावरच होती. मी टोपीवाल्याला सरळ विचारले. तो म्हणाला, रिकामी झाली की ती आपोआप खाली येते, सगळ्यांसाठीच, आणि मी आलो की तो उठतो कारण तेव्हा त्याची चहाची वेळ होते. माझा सगळा संशय एका लिफ्टने इतक्या सहज उतरवून ठेवावा, याचे थोडे वाईट वाटले.

रविवारी दादा आला. या वेळी स्टुडिओसमोर उभा राहून त्याने फोन केला आणि विचारले, "येऊ का?" मी हो म्हणालो. तो माझ्या मागे गेला, सवयीने त्याचे हात पुढे आले, जागा रिकामी सापडली, आणि ते त्याने खिशात घातले. मग खिशातून टेप काढून गुडघ्यांवर बसला.

"दुसरं टोक धर," तो म्हणाला.

मी धरले. त्याने दोन चाकांमधले माप मोठ्याने वाचले. दादा माप वाचण्यात कधी चुकत नाही. तरीही मी वाकलो आणि एकदा स्वतः वाचून पाहिले.