पंचफुलाबाईच्या नावाची नोटीस

मी कोर्टाची नोटीस बोलतेय. दचकू नका. मला पाहिलं की माणसं आधी दार लोटतात, हे मला ठाऊक आहे.

जन्मले तेव्हा मी कोरीच होते. अमरावतीच्या कोर्टात छापील नमुन्यांच्या गठ्ठ्यात पडून होते. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर कारकुनानं मला ओढून माझ्या रिकाम्या जागा भरल्या. अकोटच्या डोमाजीनं अर्ज केला होता : मयत भावाच्या दहा वर्षांच्या मुलीचा, शालूचा, पालक म्हणून आपल्याला नेमावं. शालू राहत होती भातकुलीला, मावशीजवळ. मूल ज्याच्याजवळ आहे त्याला कळवल्याशिवाय निकाल देऊ नये, असं कायदा म्हणतो. तेवढं कळवायला मी निघाले.

मावशी पंचफुला नुकतीच कापूस वेचून आली होती. बेलिफानं मला भरभर वाचलं, तिचा अंगठा घेतला आणि सायकलवर टांग टाकून तो गेला. तिच्या कानात दोनच शब्द राहिले, ‘डोमाजी’ आणि ‘ताबा’. शेजारचे पुंजाजी म्हणाले, अंगठा दिला म्हणजे पोरगी दिल्यासारखीच.

शालू चौथीत होती. अक्षर अक्षर लावत तिनं मला वाचलं आणि ‘सदरहू अज्ञान मुलगी’पाशी अडली. “मावशी, मी अज्ञान कायची? माहा तं पह्यला नंबर येते.” कोर्टात लहान वयाला अज्ञान म्हणतात, हे मला सांगायचं होतं. पण कागदाला तोंड कुठलं!

पंचफुलानं मनाशी ठरवलं. धारणीकडे तिची चुलतबहीण होती. तिकडच्या जंगलात कोर्ट काय शोधणार? तिनं गाठोडं बांधलं आणि मला चुलीत सारायला उचललं. माझा जीव उडाला. जळण्याचं काही नाही. पण तारीख चार दिवसांवर होती आणि ही गेली नाही, तर कोर्ट एकट्या डोमाजीचंच ऐकणार होतं.

शालूनं मला हिसकून घेतलं आणि दप्तरात कोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला सत्यभामाबाईंच्या, तिच्या शिक्षिकेच्या, हातात दिलं. शाळा सुटताच बाई तिच्याबरोबर घरी आल्या.

“हा कागद पोरीला न्यायला आलेला नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं म्हणणं विचारायला आलाय. पळालात तर तुमची बाजू कोण मांडेल?”

“मंग माहा अंगठा?”

“तो कागद मिळाल्याचा. पोरगी दिल्याचा नव्हे.”

पंचफुलानं तारखेला जायचं कबूल केलं. तरी गाठोडं तिनं सोडलं नाही.

तारखेला ते गाठोडं काखेत घेऊनच ती कोर्टात आली, मला मुठीत चुरगाळून. पुकारा होईपर्यंत तिच्या घामानं माझी शाई पसरली. डोमाजीची बायको अंथरुणाला खिळली होती, लहान पोरं सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्याला शालू हवी होती. त्याचा वकील म्हणाला, रक्ताचा चुलता असताना मजुरी करणाऱ्या मावशीकडे पोरगी कशाला?

पंचफुला गाठोडं सावरत पुढे झाली. मग ती म्हणाली, “सायेब, बहीण गेली तवा हे अकरा दिसाची होती. माह्या अंगावरचं दूध पाजून वाढवली. माह्यापाशी दुसरा कागद नाही.”

न्यायाधीशांनी शालूला जवळ बोलावलं आणि काकाकडे जायचं का, असं विचारलं. ती डोमाजीकडे पाहत राहिली. “काकाले मी आजच पाह्यलं,” ती म्हणाली.

डोमाजीनं मान खाली घातली.

निकालाला आणखी एक तारीख पडली. ते दिवस पंचफुलानं कसे काढले, मी पाहिलंय. सायकलची घंटी वाजली तरी ती शालूचा हात धरायची. अखेर कोर्टानं मावशीलाच पालक नेमलं, चुलत्यानं भेटायला यावं असं सांगितलं. त्या संध्याकाळी गाठोडं सुटलं.

आता मी ट्रंकेत असते. घड्यांवर विरले आहे, माझी तारीख कधीच उलटून गेली. पण नातवंडं, भाचरं सांभाळणाऱ्या कुणा बाईच्या दारी असा कागद आला, की पंचफुला मला घेऊन तिच्याकडे जाते. वाचता तिला अजून येत नाही.

“जाळू नको,” ती सांगते. “आधी कोनाकडून वाचून घे. मंग तारखीले जाय. मी येतो संग.”

माझंही मागणं तेच आहे. मला घेऊन येणाऱ्यांनो, मला दारात टाकून जाऊ नका. मला वाचून दाखवा.