सुरगाण्याचे कार्ड

मी एक जुने कार्ड आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळते ना, आईच्या आणि बाळाच्या नोंदींचे, तेच. माझ्या घड्या फाटल्या आहेत, कडेला तेलाचे डाग पडले आहेत. तरी मित्रांनो, माझ्यावरची अक्षरे अजून वाचता येतात.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर घरोघर जाऊन आईबाळांच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या आशाताई, म्हणजे लताबाई, यांनी माझ्यावर सकरीचे नाव लिहिले. मग चैताली जन्मली. दर महिन्याला तिचे वजन करून लताबाई माझ्यावरच्या हिरव्या पट्ट्यात एक ठिपका देत. ठिपके वर चढत होते. "सकरे, पोर लय गुणाची हाय तुझी," त्या म्हणत. सकरी लाजे आणि मला पुसून पेटीत ठेवी. तेच काय ते माझे सुखाचे दिवस.

भात निघाले आणि पाड्यावरचे काम संपले. सकरी आणि तिचा नवरा बुधा नाशिकला आले, एकलहऱ्याच्या वाटेवर एका इमारतीच्या कामावर. पत्र्याच्या खोपीत मी पिशवीत टांगलेले असे. चैतालीला नऊ महिने पूर्ण झाले. आता गोवराची लस द्यायची, हे सकरीला पाठ होते. खाडा करून ती जवळच्या दवाखान्यात गेली.

टेबलामागच्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "हे सुरगाण्याचं कार्ड आहे. इथे तुमची नोंद नाही. तुमच्या भागातल्या आशाकडून नाव लावून आणा."

त्या बांधकामावर कुठलीच आशा येत नव्हती. ती जागा कुणाच्याच यादीत नव्हती. पुढच्या आठवड्यात सकरी पुन्हा गेली, तर लस संपलेली. तिसऱ्यांदा मुकादमाने सोडले नाही. माझ्यावरचा लसीचा चौकोन कोराच राहिला.

होळीच्या सुमारास कामावरच्या पोरांना गोवर आला. चैतालीच्या अंगावर पुरळ उठले, मग तिला धाप लागली. मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर मृण्मयींनी तिला लगेच दाखल करून घेतले, ऑक्सिजन लावला. मग मला उघडून त्यांनी विचारले, "नऊ महिन्यांची लस का नाही दिली?"

"दोनदा गेलते, बाई," सकरी म्हणाली. "आमचं नाव नाय म्हनले."

चौथ्या दिवशी सकाळी चैताली गेली.

पाड्यावर परतल्यावर सकरीने मला लताबाईंच्या हाती दिले. तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत आहे.

यंदा सकरीला पुन्हा दिवस गेले. भात निघाल्यावर ती नाशिकच्या एसटीत चढू लागली, तशा लताबाई नवे कार्ड घेऊन धावत आल्या. "घे गं, पोटातल्यासाठी तरी घे."

सकरीने हात पुढे केला नाही. "कुनाला दाखवू, ताई?" एवढेच म्हणाली आणि आत जाऊन बसली. कार्ड हातात धरून लताबाई धुरळ्यात उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या टेबलामागे बसेल. समोरच्या बाईचे गाव कोणते, हे नंतर विचारा. आधी तिच्या कडेवरचे मूल हातात घ्या. पण तुम्ही मोठे होईपर्यंत सकरीचे बाळ थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे.