तू तुझ्यासारखी

दर रविवारी साकेत दिल्लीच्या करोल बागेतून मेट्रोने द्वारकेला यायचा. परभणीकडचा मुलगा, युपीएससीला मराठी साहित्य घेतलेला. चंद्रप्रभाबाई त्याला शिकवायच्या. शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि यजमान भालचंद्रराव गेल्यापासून त्या घरात मराठी ऐकू यायची ती एवढीच.

त्या दिवशी गाडी अनन्वय अलंकारापाशी अडली.

"मॅडम, ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान. इथपर्यंत बिल्कुल क्लिअर. पण एखाद्याची तुलना त्याच्याशीच? ही कसली तुलना?"

बाईंनी पुस्तक मिटलं. "लग्नानंतर आम्ही तुझ्या करोल बागेतच राहायचो. बरसातीत. म्हणजे गच्चीवरची एकच खोली. थंडीत उन्हाला मटार सोलत बसलो होतो. मी यांना म्हटलं, 'मी कशासारखी दिसते, सांगा ना!' हे सरकारी कचेरीतले. खूप विचार केला आणि म्हणाले, 'तू तुझ्यासारखी.'"

साकेत हसला. "मग?"

"मग काय, मी रुसले! रात्री जेवण वाढलं, पण बोलले नाही."

पुढे बाई बाहेरून बीए करू लागल्या. एका दुपारी अभ्यास करताना अनन्वयाची व्याख्या समोर आली. त्या पुस्तक घेऊन तशाच बसमध्ये चढल्या आणि कचेरी सुटताना फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांना पाहून भालचंद्रराव घाबरलेच. "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"तुम्ही अलंकार वापरलात!"

"मी? कधी?"

बाईंनी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, व्याख्या वाचून दाखवली. तोडीचं उपमानच सापडत नाही, तेव्हा उपमेयाची तुलना उपमेयाशीच होते.

"नव्हतंच सापडलं," भालचंद्रराव म्हणाले. "मग मी दुसरं काय सांगत होतो?"

त्या संध्याकाळी दोघांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर भाजलेली शकरकंदी, म्हणजे आपली रताळी, खाल्ली आणि घरापर्यंत चालत गेले.

साकेतने वही पुढे ओढली. "मॅडम, पेपरात हे उदाहरण लिहू?"

"पुस्तकातलंच लिही रे बाबा. तपासणाऱ्याला आमचे हे कुठून माहीत असणार!"

बाई हसत हसत चष्मा पुसू लागल्या. पुढचा अलंकार काढायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. साकेतनेही घाई केली नाही. त्या काळी त्या गच्चीवरून काय काय दिसायचं, ते विचारत बसला.