पहिला फर्मा

पूर्वी नावाच्या मुलीचा फोन आला, तो फ्लॉयडने लगेच उचलला. रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रामर मंडळींसाठी मराठीत पुस्तक लिहायचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं होतं, आणि ऑफिसातली ही मुलगी त्यातले धडे आपल्या कॉम्प्युटरवर करून बघत होती.

"सर, प्रत्येक पानामागे एक कोरं पान निघतंय," ती म्हणाली. "सगळ्याच धड्यांत."

त्याचं कारण फ्लॉयडच्या लगेच लक्षात आलं. त्याच्या मशीनवर कागदाचं माप अमेरिकन होतं, कधीकाळी ठेवलेलं, आणि ते साफ विसरून त्याने धड्यांतली मापं त्यावरच बेतली होती. इथे सगळे ए-फोर वापरतात. अमेरिकन कागद त्याहून रुंद. म्हणजे रिपोर्टची कड बाहेर सांडणार, तिच्यापायी जादा कोरं पान निघणार आणि वाचणारा लेखकाच्या नावाने बोटं मोडणार. चूक एवढीशी, पण अब्रू घालवायला पुरेशी.

धावतपळत तो दादरला प्रकाशकांकडे गेला. राजारामभाऊ शांत होते, आणि अशा वेळी शांत माणसाचा फार राग येतो. सोळा-सोळा पानांचे बाकीचे फर्मे छापून झालेत, फक्त पहिला राहिलाय, असं त्यांनी सांगितलं. कागदाचं माप कसं बदलायचं ते चित्रासकट एका पानात मावलं असतं. पण पान आणायचं कुठून? अनुक्रमणिका तर हवीच. प्रस्तावनेला भाऊ हात लावू देईनात, कारण ती त्यांनी स्वतः लिहिली होती. उरलं अर्पणाचं पान. त्यावर फ्लॉयडच्या आईचं, जर्ट्रूडचं नाव होतं. ब्याऐंशीची म्हातारी, तिने गिरगावातल्या अर्ध्या वाडीला ते सांगून ठेवलं होतं.

जादा पान घालायला छपाई थांबवावी, तर छापखाना थेट दिवाळीनंतर मिळणार. तोवर सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन येऊन पुस्तक शिळं होणार, हे भाऊंनी सांगायची गरजच नव्हती.

जिन्यात उभं राहून त्याने आईला फोन लावला. तिच्या नावाचं पान काढावं लागतंय, हे सांगून टाकलं. आता वाडीत काय सांगू, एवढंच तिने विचारलं. फ्लॉयडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे रे," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या आवृत्तीत घाल. मी थांबते."

असल्या पुस्तकांना दुसरी आवृत्ती नसते. सॉफ्टवेअर बदलतं आणि पुस्तक रद्दीत जातं.

"हो मम्मी," तो म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीत नक्की."